उलटं वेटोळं

कापूस पांढरा होता. आठवडाभर ओढलेल्या वेपमधला, म्हणजे विजेवरच्या सिगारेटमधला कापूस पांढरा नसतो. तो कोऱ्या चहाच्या रंगाचा असतो, मधोमध जळका, कडेला चिकट, आणि ओढणारीचा आठवडा कसा गेला त्यावर कमीजास्त काळा. केंजेबेकनं चष्मा कपाळावर चढवला, चिमट्यानं कापसाचं टोक उचललं आणि सोडलं. शुभ्र. समोर पसरलेल्या वर्तमानपत्रावर रविवारचं सगळं साहित्य नेहमीसारखं मांडलं होतं: कोमट पाण्याचं भांडं, लोणच्याच्या बरणीत दवाखान्यातलं स्पिरिट, दातांचा जुना ब्रश, बोटभर लांबीची कात्री, तारेचं रीळ, आणि तार जोडल्यावर तिचा रोध दाखवणारा काडेपेटीएवढा मीटर. त्याच्या आणि बायकोच्या वेपच्या बॅटऱ्या काढून त्यानं लांब खिडकीत ठेवल्या होत्या. पाणी आणि बॅटरी एका टेबलावर येऊ द्यायची नाहीत हा त्याचा पहिला नियम होता, आणि हा नियम तो दर रविवारी मोठ्यानं म्हणत असे, ऐकायला कुणी असो नसो. आज म्हणायचा राहिला. खिडकीपलीकडे अल्माटीचे डोंगर जागेवर होते, आत त्याच्या आईच्या, आपाच्या दूरदर्शनवर कुणीतरी दोन तारांचा दोंब्रा वाजवत होतं, चहाचं पाणी उकळत होतं. जगात काही बदललं नव्हतं. फक्त त्याच्या बायकोच्या ॲटमायझरमधला, वेपच्या वाफ करणाऱ्या टोपीतला कापूस कुणीतरी बदलला होता.

कापूसच नाही. त्यानं तो ओढून काढला तसं आतलं वेटोळं दिसलं. नवी तार, सुबक, वळसे एकमेकांना चिकटलेले, आणि उलटं. केंजेबेक स्क्रू-ड्रायव्हरच्या दांडीवर तार गुंडाळायचा तेव्हा तिची दोन टोकं एका ठरलेल्या बाजूनं बाहेर यायची. हे वेटोळं आरशात पाहावं तसं होतं. कापसाची टोकंसुद्धा तिरकी कापली होती, पण तिरकेपणा भलत्या अंगाला. आणि पितळेच्या आट्या! ब्रश कितीही घासा, आट्यांच्या तळाशी एक तपकिरी रेघ उरतेच. त्या रेघेशी त्यानं केव्हाच तह केला होता. ती रेघ गेली होती. ब्रशानं नाही जाणार, पाण्यानं नाही, स्पिरिटनं नाही. असं लखलखीत काम होतं ते यंत्राच्या थरथरत्या पाण्यात बुडवून, आणि तसं यंत्र दागिन्यांच्या दुकानात असतं, नाहीतर दातांच्या दवाखान्यात. झौरेश, त्याची बायको, दातांच्या दवाखान्यात काम करत होती. केंजेबेकच्या मनात पाल चुकचुकली, आणि ती पाल तिथंच ऐसपैस बसली.

सिगारेट दोघांनी एकदमच सोडली होती. त्याची छाती रात्रंदिवस खरखरायला लागली तेव्हा डॉक्टरनं नकाशावर युद्ध दाखवावं तसा त्याच्या फुप्फुसाचा फोटो दाखवला होता. मग सगळ्या शहरानं वेप उचलला, प्रत्येक चौकात एक दुकान निघालं, दाढीवाली पोरं ढग सोडत बसायला लागली, आणि केंजेबेकसारख्या तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकानं त्या पोरांच्या शेजारी स्टुलावर बसून तार गुंडाळायला शिकून घेतलं. पूर्वी तो वैज्ञानिक साम्यवाद शिकवायचा. जुनी राजवट गेली तसा तो विषय एका उन्हाळ्यात बंद झाला आणि सप्टेंबरात त्याच खोलीत, त्याच कपाटासमोर उभा राहून तो संस्कृती शिकवू लागला. त्यामुळे नवं काही शिकायला तो घाबरत नसे. झौरेशसाठी त्यानं जाड पितळी नळीचा वेप आणला, शेळीच्या शिंगांची नक्षी कोरलेला. आत मेंदू नाही, पडदा नाही, फक्त बटण आणि बॅटरी. "ह्यात चूक झाली तर थांबवणारं कुणी नाही," दुकानातला पोरगा म्हणाला होता. केंजेबेकनं अभिमानानं सांगितलं होतं, "मी आहे ना." आणि तो होता. रबरी कड्या तो स्पिरिटमध्ये कधी टाकत नसे, फुगतात. कोमट पाण्यातच धुवायचा. जुनी तार लाल करून जाळली की लगेच पाण्यात बुडवायची नाही, आपोआप निवू द्यायची. धुतलेलं सगळं पूर्ण कोरडं झाल्याशिवाय जोडायचं नाही. तारेचं टोक नळीच्या भिंतीला टेकता कामा नये. मीटर लावल्याशिवाय बॅटरी नाही, वासाच्या द्रवात कापूस भिजवल्याशिवाय बटण नाही. इतक्या काळजीनं त्यानं आयुष्यात दुसरं काही केलं नव्हतं. दोन प्रबंध धरून.

आणि तो कापूस वाचायचा. हे तो कुणाला सांगत नसे, पण आठवड्याचा कापूस चिमट्यात धरून खिडकीच्या उजेडात बघायचं, ते त्या सगळ्या कामातलं त्याचं खास सुख होतं. फार काळा असला की तो चहा पिताना सहज म्हणायचा, "गुरुवारी काही झालं होतं वाटतं दवाखान्यात?" झौरेश दचकायची. "तुला कोण बोललं?" तो हसायचा. एकदा तिच्या नेहमीच्या टरबुजाच्या वासाखाली पुदिन्याचा वास लागला तर तो म्हणाला, "मैत्रिणीकडचं भरलंस." खरं निघालं. दुसऱ्यांदा कापूस जवळजवळ स्वच्छ होता, तेव्हा त्यानं ओळखलं की ती बहिणीकडे गेलेली नाही, कारण बहिणीकडून आली की कापूस डांबरासारखा व्हायचा. नवऱ्यानं बायकोला ह्याहून जास्त काय ओळखायचं? लोक वीस वर्षं एका पलंगावर झोपतात आणि एकमेकांचा कापूस त्यांना माहीत नसतो.

आता दुसऱ्या कुणाला माहीत होता. केंजेबेकला ते चित्र दिसायला लागलं आणि ते हाकलता येईना. शब्द नव्हते, मिठ्या नव्हत्या, त्याच्या वयाला आणि शिक्षणाला शोभतील अशा कुठल्याही गोष्टी नव्हत्या. फक्त दुपारची वेळ, दवाखान्यात रोगी नाही, पांढऱ्या हातमोज्यातली लांब बोटं, आणि त्या बोटांत झौरेशची उघडी पडलेली पितळी टोपी. तिनं ती आपल्या हातानं दिली असणार. "घ्या ना डॉक्टर, बघा जरा." तो कापूस बाहेर काढतोय, उजेडात धरतोय. वाचतोय का? हे सगळ्यात वाईट होतं. चुंबन घेतलं असतं तर एकवेळ त्यानं भांडण केलं असतं. पण कापसावरून भांडण कसं करतात त्याचा काही रिवाज नव्हता.

"झालं का रे?" झौरेशनं दारातून विचारलं. केस ओले, खांद्यावर टॉवेल.

"होतंय."

"माझं फार घाण झालं नसेल ह्या वेळी."

"नाही," तो म्हणाला. "फार नाही."

त्यानं जसं होतं तसं बंद केलं. विचारलं नाही. दोन प्रबंध लिहिलेला माणूस विचारत नाही, तो संशोधन करतो.

सोमवारी वर्गात उभा राहिला तेव्हा त्याच्या डोक्यात एकच प्रश्न होता: डावखुरा कोण? कारण उलटं वेटोळं उजव्या हाताचं नसतं. मुलं हजेरीची सही करत होती आणि तो त्यांच्या हातांकडे पाहत होता. योगायोगानं व्याख्यानही त्याच जागी आलं होतं, सत्ता शरीरापर्यंत कशी पोचते ह्यावर, आणि तिथं तो दरवर्षी सांगायचा ती गोष्ट त्यानं ह्याही वर्षी सांगितली. जुन्या राजवटीतली पहिलीतली एक मुलगी. डाव्या हातानं लिहायची. बाईंनी तिच्या वेणीतली पांढरी रिबीन सोडली आणि त्याच रिबिनीनं तिचा डावा हात बाकाला बांधला. वसंत ऋतूपर्यंत मुलगी उजव्या हातानं सुंदर अक्षर काढू लागली आणि तिला बक्षीस म्हणून नवी रिबीन मिळाली. इथं मुली नेहमी हळहळायच्या, मुलं फोनमधून मान वर करायची. मागच्या बाकावरून एकीनं विचारलं, "सर, पुढं काय झालं तिचं?" केंजेबेकनं हात झटकला. "ते महत्त्वाचं नाही. ते फक्त उदाहरण आहे." गोष्ट कुठं वाचली होती ते त्याला आठवत नव्हतं, पण चांगली गोष्ट होती, कधी फसली नव्हती.

आठवड्याच्या मध्यावर त्यानं दाताची तक्रार काढली. दात दुखत नव्हता, पण ह्या वयात तोंडात एखादी संशयास्पद जागा सापडतेच. झौरेश दवाखान्याच्या काउंटरवर बसली होती. त्याला बघून तिच्या भुवया वर गेल्या. "तू? तू तर दात पडून हातात आला तरी येत नाहीस." "वयाबरोबर शहाणपण येतं," तो म्हणाला आणि खुर्चीत जाऊन आडवा झाला. डॉक्टर इल्दार फारितोविच. उंच, काझानकडचा, हातमोजे घालताना पियानोवाल्यासारखी बोटं ताणणारा. कोपऱ्यात ते यंत्र होतंच, पोलादी टाकी, आत पाणी सूक्ष्म थरथरतंय, गुणगुणतंय. केंजेबेकनं तोंड उघडलं आणि डोळे डॉक्टरच्या हातांवर लावले. आरसा डाव्या हातात. हत्यार उजव्या हातात. त्यानं वाट पाहिली. हत्यार बदललं, हात बदलला नाही.

"केंजेबेक अस्कारोविच, जरा सैल सोडा. डोळे मिटले तरी चालेल."

"आ," केंजेबेक म्हणाला. मिटणार नाही, असं त्याला म्हणायचं होतं.

"बायको तुमची म्हणजे सोनं हो आमच्याकडचं. नुसती काउंटरवर वाया जातेय. काय हात आहे तिचा! असा हात आमच्या इथं कुणाचा नाही, माझासुद्धा नाही. जरा मोठं उघडा."

तोंडात कापसाचे गोळे, नळी, लोखंड. माणसाला आपल्या बायकोच्या हाताविषयी परपुरुषाकडून ऐकावं लागतं तेव्हा त्याच्या तोंडात निदान गोळे नसावेत. हात. कधी पाहिला ह्यानं हात? कशाला पाहिला? डॉक्टर उजव्या हाताचा होता, पुरावा संपला होता, शास्त्रशुद्ध विचार करणाऱ्या माणसानं तिथंच उठायला हवं होतं. केंजेबेक मात्र एक दात भरून घेऊन, अर्धा जबडा बधिर, रस्त्यावर आला आणि डोंगराच्या दिशेनं उगाचच चढत राहिला. सफरचंदांच्या गाड्या लागल्या होत्या, रस्त्याकडेच्या पाटातून पानं वाहत होती. डॉक्टर नाही तर मग दुसरा कोणीतरी, आणि हे जास्त भयंकर होतं. कारण इल्दार फारितोविच निदान एकच माणूस होता, आणि आता अख्खं शहर होतं. बसमध्ये डाव्या हातानं दांडा धरणारा. डाव्या हातानं नाक पुसणारा. एका पुलावर एक देखणा म्हातारा डाव्या हातानं कबुतरांना दाणे टाकत होता; केंजेबेकनं त्याच्याकडे असं पाहिलं की म्हातारा म्हणाला, "काय भाऊ, कबुतरं तुमची आहेत काय?"

घरी त्याची आई, जिला सगळे आपाच म्हणत, टेबलाच्या मानाच्या जागी बसली होती आणि झौरेश चहा ओतत होती. हे तो वर्षानुवर्षं बघत आला होता आणि त्यामुळे बघत नव्हता: किटली उजव्या हातात, वाटी डाव्या तळव्यावर, आधी दूध, मग दाट अर्क, मग पाणी, आणि वाटी अर्धीच. अर्धी म्हणजे मान; पुन्हा मागा, पुन्हा ओतीन, बसा. काठोकाठ भरली तर अर्थ एकच, प्या आणि निघा. आपानं आयुष्यात एकदाच वाटी काठोकाठ भरली होती, तिच्या धाकट्या दिराला, आणि तो दीर पुन्हा दिसला तो त्याच्या फोटोत. वाटी पुढं करायची ती उजव्या हातानं. डाव्या हातानं घरच्या मोठ्यांना काही द्यायचं म्हणजे शिवीच.

"गाल का सुजलाय?" आपानं विचारलं.

"दात भरला."

"दुखत होता?"

"नाही."

"मग?" आपा म्हणाली आणि सुनेकडे बघून मान हलवली. "ह्याचा बापही असाच. ठणठणीत घोड्याला नाल मारायचा." मग तिनं हवेत नाक वर केलं. "सूनबाई, गच्चीत टरबूज ठेवलंयस का ग? वास येतो रोज."

"ठेवलंय आपा."

"खूप दिवस टिकलं हो." झौरेश सासूसमोर ओढत नसे, गच्चीचं दार लावून ओढायची, आणि सासू टरबुजाची चौकशी करायची. दोघींचं त्यावर छान चाललं होतं.

पुढच्या रविवारी कापूस पुन्हा पांढरा होता. केंजेबेक त्याच्याकडे बराच वेळ पाहत बसला. त्याला वाटलं होतं राग येईल, पण आली ती एक जुनी, पोरकट कळ. शाळेत आपल्या जागेवर कुणी दुसरं बसलेलं दिसावं तशी. त्यानं ते परकं वेटोळं उपटलं, पक्कडीनं चिरडलं आणि कचऱ्यात टाकलं. नवी तार घेतली, आपल्या हातानं, सरळ बाजूनं गुंडाळली. स्क्रू कसले. आणि तेव्हा त्याला दिसलं की तारेचं एक टोक लांब राहिलंय, बाहेरच्या बाजूला झुकलंय, टोपी बसली की भिंतीला टेकेल. कात्री उजव्या हाताशी होती. मीटर तिच्या शेजारी. एरवी हे काम हात आपण होऊन करायचे. हात थांबले. टेकेल, किंवा टेकणार नाही. टेकलं तर नळी तापेल; ती ओरडेल, दचकून टाकून देईल, मग येईल त्याच्याकडे, पूर्वीसारखी: बघ ना रे केंजे, काय झालं हिला. आणि तो चष्मा कपाळावर चढवेल. एवढंच. एवढंच होईल असं नाही, हे त्याला माहीत होतं. मुठीत फुटलेल्या बॅटऱ्यांचे फोटो त्यानंच तिला दाखवले होते, जेवायला बसलेली असताना. त्यानं कापूस भरला, भिजवला, टोपी फिरवून बसवली, खिडकीतली बॅटरी आणून नळीत सरकवली. मग हात धुतले. साबण दोनदा लावला.

चहाला सगळे बसले. झौरेशनं आपाची वाटी पुढं केली, त्याची पुढं केली, अर्धी, नेहमीसारखी. मग उठली, खिडकीतून नळी उचलली आणि गच्चीकडे निघाली. केंजेबेकनं घोट घेतला. दार उघडल्याचा आवाज. त्याला एकाएकी तिचा तळहात दिसला, बाउर्साकचे गोळे तळताना पीठ लागलेला, आणि त्या तळव्यावर पितळ.

"झौरेश!" तो एवढ्या मोठ्यानं ओरडला की आपाची वाटी हिंदकळली. "थांब! दाबू नको! मीटर... मीटर लावला नाही मी."

मग गच्चीचं दार लागलं आणि ती आत आली. नळी बोटांत लांब धरलेली, बॅटरी दुसऱ्या हातात, आधीच काढलेली.

"माहीत आहे," ती म्हणाली. "तू केलेलं मी उघडून बघितल्याशिवाय ओढत नाही आता."

ती टेबलाशी बसली. आपासमोर. बाउर्साकचं ताट बाजूला सारून तिनं वर्तमानपत्राचा तुकडा घेतला, टोपी फिरवली, कापूस वर उचलला आणि तारेचं ते टोक दोघांच्या मध्ये उघडं पडलं. तिनं त्याच्याकडे पाहिलं नाही. कात्री घेतली, डाव्या हातात. खट. टोक उडून साखरेत पडलं. मग डाव्याच हातानं स्क्रू अर्धा फेरा कसला, कापसाची बाजू तिरकी छाटली, मीटर लावला, आकडा बघून मान हलवली. त्या हाताला कुठं थांबावं लागलं नाही, कुठं विचार करावा लागला नाही. केंजेबेकनं तो हात कधी पाहिलाच नव्हता. नाही, ऐकला होता. पाटाच्या कडेला बाकावर बसून, लग्नाआधी, तिनं सांगितलं होतं. रिबीन, बाक, बाई, सगळं. त्यावर आपण काय म्हणालो होतो तेही त्याला आठवलं. "छान उदाहरण आहे," म्हणालो होतो.

"तूच," तो म्हणाला. आवाजात इतका आनंद आला की त्याची त्यालाच लाज वाटली. "तूच करत होतीस. मग सांगायचं ना! मला वाटलं..."

"विचारायचं. विचारलं असतंस तर सांगितलं असतं, दुपारी दवाखान्यातच करते म्हणून. तू दात भरून आलास. डॉक्टर म्हणाले, तुमचे मिस्टर माझ्या हातांकडे असे बघत होते की मी दोनदा हातमोजे बदलले."

"पण का? मी करत होतो ना सगळं. दर रविवारी. कुणाचा नवरा..."

"तू वाचतोस," झौरेश म्हणाली. "गुरुवारी काय झालं, कुणाकडे गेले, कुणाकडे नाही गेले. मी ओढताना हळू ओढायला लागले, केंजे, रविवारी तुला काय दिसेल म्हणून. माझा कापूस आहे तो." मग तिनं साखरेतून तारेचं टोक बोटानं वेचून काढलं आणि त्याच्या बशीत ठेवलं. "आणि हे तू बघितलं होतंस. तुझ्या नजरेतून असलं सुटत नाही."

दुसरा कोणी नव्हता, आठवडाभर ज्याला शहरभर शोधलं तो नव्हताच, आणि तरी ती जळजळ कमी व्हायला तयार नव्हती. ती घरभर फिरून आली आणि टेबलावरच्या त्या एका हातावर बसली, ज्याला त्याच्याशिवाय सगळं येत होतं.

झौरेशनं त्याची वाटी ओढून घेतली. किटली उचलली, डाव्या हातानं. दूध, अर्क, पाणी. ओतत राहिली. चहा अर्ध्यावर आला, अर्ध्यावरून वर गेला, काठाला लागला, काठावर फुगून उभा राहिला. मग तिनं वाटी डाव्या हातानं त्याच्यासमोर ठेवली. एक थेंब सांडला नाही.

त्यानं आईकडे पाहिलं. आपाच्या नजरेतून आजवर कधी काही सुटलं नव्हतं. तिनं वाटीकडे पाहिलं, बशीतल्या तारेच्या टोकाकडे पाहिलं, मग आपली रिकामी वाटी सुनेच्या त्या डाव्या हाताकडे सरकवली.

"पी, केंजे," ती म्हणाली. "निवतोय."

वाटी उचलण्यासारखी नव्हती. त्यानं दोन्ही हात मांडीवर ठेवले, मान खाली घातली आणि ओठ काठाला लावले.